रपुमाघची थोरली

नववी ‘ब’च्या शेवटच्या बाकाखाली उघडून ठेवलेलं पुस्तक शरयूनं वाकून ओढलं, तेव्हा तिला ते फक्त जप्त करायचं होतं. फळ्यावर चक्रीय चौकोनाचं प्रमेय अर्धवट होतं, पंखा कुरकुरत होता, आणि समृद्धी नावाची ती दातांना तार लावलेली हुशार मुलगी “सॉरी मैम, सॉरी मैम” म्हणत होती, पण पुस्तकावरचा हात काही काढत नव्हती. ओढाताणीत ते जाडजूड पुस्तक पहिल्याच पानांवर उघडलं. तिथं एक नकाशा होता. मधून वाहणारी नदी, दोन्ही काठांना उभे पांढरे खडक, अलीकडे किल्ला, पलीकडे नुसतीच कोरी जागा; आणि किल्ल्याच्या वर वेलबुट्टीच्या इंग्रजी अक्षरांत राज्याचं नाव: रपुमाघ. शरयूनं ते एकदा वाचलं. मग पुस्तक मिटून काखेत धरलं, फळ्याकडे गेली आणि उरलेलं प्रमेय पूर्ण केलं. समोरासमोरच्या कोनांची बेरीज दोन काटकोन. खडूची रेघ जराही हलली नाही. फक्त शेवटी ‘सिद्ध’ लिहायचं ते तिनं लिहिलं नाही, आणि घंटा होईपर्यंत खिडकीतून सायकल स्टँडकडे बघत राहिली.

घमापुर उलटं वाचलं की रपुमाघ होतं. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. जबलपूरच्या घमापुर मोहल्ल्यात, पिठाच्या चक्कीवरच्या दोन खोल्यांत शरयू आणि तिची पाच वर्षांनी धाकटी बहीण यशश्री वाढल्या. चक्की सुरू झाली की फरशी गुणगुणायची, तळपायांतून ते गुणगुणणं पोटापर्यंत यायचं, आणि यशू म्हणायची, राज्य जागं झालं. रपुमाघच्या दोन राजकन्या होत्या, थोरली आणि धाकटी. थोरलीला वाहतं पाणी थांबवता यायचं. धाकटीला दगड होता यायचं. एकदा ती दगड झाली की कुणी तिला जागचं हलवू शकत नसे. मुकुट मात्र एकच, चहाच्या पुड्यातल्या चांदीचा, आणि त्यावरून दोघींची जी जुंपायची ती आईनं हातातलं लाटणं घेऊन मधे येईपर्यंत. “आज थोरली, उद्या धाकटी,” असा आईचा निवाडा असे, आणि तो दोघींना मान्य नसे. मग शरयू सतरा वर्षांची असताना आई काविळीनं तीन आठवड्यांत गेली, आणि त्यानंतर तो खेळ कुणी खेळलं नाही. तो संपला असं कुणी म्हटलंही नाही.

स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. तिनं कव्हर पाहिलं: काळ्यावर चांदीचे दोन मुकुट, खाली लेखिकेचं नाव, यशश्री राव. यशश्री बंगळुरूला असते, तिचा नवरा तिकडचाच, आणि ती मुलींसाठी काहीबाही लिहिते, एवढं शरयूला माहीत होतं. दिवाळीला फोन व्हायचा, वाढदिवसाला व्हायचा. “काय लिहून राहिली सध्या?” असं शरयू विचारायची, “काही नाही गं, असंच, जादूबिदू,” असं यशू म्हणायची, आणि मग दोघी तब्येतीकडे वळायच्या. शरयूनं कधी पुस्तक मागितलं नाही, यशूनं कधी पाठवलं नाही. नकाशाच्या आधीचं एक पान तिच्याकडून सुटलं होतं. ते तिनं आता उलटलं. पानाच्या मधोमध, इंग्रजीत, दोनच ओळी होत्या. ताईला. जिला सगळं माहीत होतं.

सगळं म्हणजे काय, हे तिला लगेच कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. हातपाय गार पडणं म्हणतात तसं तिचं झालं नाही. उलट कान तापले, एखाद्या मुलीची चोरी वर्गात उघडी पडल्यावर त्या मुलीचे तापतात तसे. यशूला आठवतं. त्या दुपारचं तिला आठवतं, आणि तिनं ते लिहिलं, छापलं, आणि आता जबलपूरच्या नववी ‘ब’मध्ये एक मुलगी ते बाकाखाली वाचते आहे.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर, शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आणि रविवारी दिवसभर ती वाचत राहिली. ती गणित इंग्रजीतून शिकवायची, पण कथेचं इंग्रजी वेगळं. ते गणितासारखं पायरी पायरीनं पुढे जात नाही, मधेच धुक्याबद्दल बोलू लागतं. तरी ती अडली नाही. राजकन्यांची नावं थोरा आणि धाकी अशी होती, आणि ती वाचून तिला एकटीलाच हसू आलं. बंगळुरूच्या, दिल्लीच्या, कुठल्या कुठल्या मुली ही काही तरी जुनी परदेशी नावं समजत असतील. थोरा पाणी थांबवते. धाकी दगड होते. राणी मेली आहे, आणि राज्याचा कायदा असा की दोघींपैकी एकीनंच नदी ओलांडायची, पलीकडे जाऊन नगर वसवायची विद्या शिकायची. दुसरीनं मागं राहून किल्ला सांभाळायचा. कौल थोराच्या बाजूनं लागतो. ज्या सकाळी ती निघायची, त्या सकाळी बारा वर्षांची धाकी अंगणात कोसळते आणि दगड होते. थोराच्या ओंजळीतलं पाणी अंगावर पडलं तरच तिला जाग येते, दुसऱ्या कुणाच्या नाही. वैद्य येतात, मांत्रिक येतात. थोरा थांबते. नाव परत पाठवली जाते.

“एवढं काय वाचून राहिली?” शैलेंद्रनं विचारलं. तिचा नवरा वीज मंडळात होता, रविवारी दुपारी तो जुने रेडिओ खोलून बसायचा.

“यशूचं पुस्तक.”

“अच्छा! चांगलं आहे?”

“जाड आहे,” ती म्हणाली आणि पान उलटलं.

नाव परत गेली, हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. तिची नाव म्हणजे नागपूरच्या कॉलेजातली आर्किटेक्चरची जागा होती. बारावीनंतर ती मिळाली, आत्याकडे राहायचं ठरलं, बाबांनी फॅक्टरीतून रजा काढली, होल्डॉल बांधून झाला. जायच्या तीन दिवस आधी यशू जेवता जेवता ताटावर पडली. दात घट्ट, मुठी आवळलेल्या, डोळे वर. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. शरयूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, “यशू, यशू” असं म्हणत तोंडावर पाण्याचा हात फिरवला, आणि तेव्हा कुठे ती सैल पडली. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. एक डॉक्टर मिरगी म्हणाला, एक म्हणाला रक्त कमी आहे, तिसरा नुसता तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून बाबांकडे बघत बसला. बाबांनी शरयूला ‘जाऊ नकोस’ असं कधीच म्हटलं नाही. त्यांनी एकदा फक्त विचारलं, “एक वर्ष थांबशील का?” तेही तिच्याकडे न बघता, सायकलची साखळी पुसत. तिनं इथंच बी.एस्सी.ला नाव घातलं. ते एक वर्ष मग कधी संपलंच नाही. मन मारून वगैरे ती राहिली नव्हती. वर्षांचं असं असतं की ती आपोआप एकमेकांना चिकटत जातात.

नवव्या प्रकरणात तिला कळलं की धाकीला कुणाचा शाप नव्हता. तिचं दगड होणं ही तिची स्वतःची विद्या होती. ती ठरवून दगड व्हायची. पुस्तकात ते साध्या शब्दांत होतं: पाय जड करायचे, मग पोट, मग जीभ, श्वास नदीच्या तळाशी नेऊन ठेवायचा, आणि बहिणीच्या ओंजळीची वाट बघायची. शरयूनं पुस्तक पालथं ठेवलं. बाहेर अधारतालच्या मोठ्या रस्त्यावरून कुणाची तरी वरात चालली होती, भर दुपारी, बँडवाल्यांचा ताल सुटलेला. तिला राग यायला हवा होता, आणि ती त्या रागाची वाट बघत बसली. राग आला नाही. आली ती एक फार जुनी शारीरिक आठवण: यशूच्या डोक्याचं मांडीवरचं वजन. झटका ओसरल्यावर ते डोकं हलकं व्हायचं, आणि पोर मिनिटभर तशीच पडून राहायची, डोळे मिटून. ते मिनिट खोटं नव्हतं. तेरा वर्षांच्या, आई नसलेल्या मुलीला ते मिनिट हवं होतं, आणि ते मिळवायला तिला जमिनीवर आपटून घ्यावं लागत होतं. हे सगळं शरयूला समजत होतं, चटकन, गणितासारखं. पण समजण्याच्या खाली कुठे तरी चक्की सुरू झाल्यासारखं काही तरी गुणगुणू लागलं होतं, आणि ते काय आहे हे तिला कळत नव्हतं.

कारण तिला पुढची भीती होती. पुढे ती दुपार येणार. मार्च महिना होता, बाबा फॅक्टरीत, शरयू ओट्याशी कणीक मळत होती, कुकर लावलेला. आतल्या खोलीत धप्प आवाज झाला. तो आवाज तिला पाठ होता. ती गेली आणि दारात उभी राहिली. यशू कुशीवर पडली होती, तोंड वाकडं, ओठाच्या कडेला फेस, मान अशी मागं टाकलेली की गळ्याची शीर दिसत होती. काय करायचं ते सगळं शरयूला माहीत होतं. तिनं केलं नाही. हाताला कणीक होती, ती बोटांवर वाळू लागली. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. ती हलली नाही. आणि तिसऱ्या शिट्टीच्या आधी तिच्या मनात अगदी स्पष्ट, बोलल्यासारखे शब्द आले: होऊन जाऊ दे. ते तिनंच म्हटले होते, दुसऱ्या कुणी नाही. मग यशूनं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. वर फिरलेले नव्हते ते, सरळ होते, धुतल्यासारखे. ती उठली, फ्रॉक झटकला, मोरीवर जाऊन चूळ भरली. त्यानंतर तिला एकदाही झटका आला नाही.

शरयूनं तिला बारावीपर्यंत गणित शिकवलं. दिल्लीला शिकायला जायचं म्हणाली तेव्हा बाबांशी शरयू भांडली. यशूच्या लग्नात तिनं इतकी धावपळ केली की लोक म्हणाले, आई असती तर तिनंही केली नसती. प्रत्येक वेळी तिच्या आत कुणी तरी हातावरची वाळलेली कणीक खरवडत असे. आणि जितकं ती करत गेली तितकी दोघींमधली बोली सपाट, स्वच्छ होत गेली, पाहुण्यांच्या खोलीसारखी. यशूनं तिला कधी उलट उत्तर दिलं नाही. शरयूनं यशूवर कधी आवाज चढवला नाही. पाहणारे म्हणत, बहिणी असाव्यात तर अशा.

ती दुपार पुस्तकात सोळाव्या प्रकरणात होती. थोरा दारात उभी आहे, ओंजळीत पाणी आहे, आणि ती ते ओतत नाही. शरयूनं श्वास रोखून पुढची ओळ वाचली. थोराला माहीत होतं, असं यशूनं लिहिलं होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चालायला शिकणाऱ्या मुलाचं बोट आपण एक दिवस सोडून देतो आणि दोन पावलांवर उभं राहतो, तशी ती उभी राहिली. तिनं कुणाला सांगितलं नाही, ती रागावली नाही. तिनं फक्त वाट पाहिली. आणि धाकीला दगडाच्या आतून दिसलं की आपण पकडले गेलो आहोत आणि आपल्याला क्षमा केली गेली आहे, दोन्ही एकाच वेळी. आणि आपल्या पायांनी ती उठली.

शरयू कितीतरी वेळ त्या पानाशी बसून राहिली. शैलेंद्रनं चहा आणून ठेवला, तो निवला. तीस वर्षं ती एका न्यायाधीशाला घाबरत होती, आणि तो न्यायाधीश तीस वर्षं तिची पूजा करत होता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पुस्तकातली ती शांत, जाणती मुलगी दारात उभी होती, हाताला कणीक नसलेली, आणि तिनं खऱ्या शरयूला उंबऱ्यावरून बाजूला सारलं होतं. निदान ते पाप तरी तिचं स्वतःचं होतं. त्या वयात तिनं स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती, भयंकर असली तरी तिची.

शेवट तिनं भराभर वाचला. दोघी बहिणींचं वैर, युद्ध, पाण्याच्या भिंती, दगडांची सेना. अखेर धाकी राणी होते आणि कायदा मोडते. स्वतः दगड होऊन नदीवर पूल होते, आणि थोरा त्या पुलावरून पलीकडे जाते. नकाशातल्या कोऱ्या जागेवर नगर उभं राहतं, मनोरे, घाट, दिवे. म्हणजे यशूनं तिला अखेर नागपूरला पाठवलं होतं. शरयूनं मान वर करून खोलीकडे पाहिलं. हे घर तिनं स्वतः आखलं होतं, चौकटीच्या वहीत, पेन्सिलीनं; बळीराम मिस्त्री तो कागद खिशात घेऊन सहा महिने काम करत होता आणि म्हणाला होता, दीदी, ऐसा जीना मैंने आज तक नहीं बनाया. जिन्याच्या वळणावर अशी खिडकी होती की मे महिन्यातही तिथं वारा असायचा. यशू दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा त्या जिन्यानं वर-खाली गेली. “छान आहे घर,” म्हणाली. आणि तिकडे बसून तिनं लिहिलं की जगणं असेल तर ते पलीकडच्या काठावर.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं समृद्धीला बोलावून पुस्तक परत दिलं. “मेरी क्लास में नहीं,” एवढंच म्हणाली. मुलगी गेली नाही. पुस्तकात शरयूनं बसचं जुनं तिकीट खूण म्हणून ठेवलं होतं, ते तिला दिसलं होतं.

“मैम, आपने पढ़ी? पूरी?” तिचे डोळे मोठे झाले. “आप टीम थोरा हो कि टीम डाकी?” ती धाकीला डाकी म्हणत होती.

“तुम?”

“मैं थोरा. सब थोरा. वो दरवाजे वाला सीन, मैम, मैं तो रो दी थी.”

शरयूनं टेबलावरचं डस्टर उचलून परत ठेवलं. “और अगर थोरा को पता नहीं होता? उसे लगता कि बहन सच में मर रही है, और फिर भी खड़ी रहती?”

समृद्धीनं कपाळाला आठ्या घातल्या. प्रमेय कठीण असलं की तिचा चेहरा असाच व्हायचा. “तो फिर...” ती म्हणाली, “तो वो भी डाकी जैसी हो गई ना, मैम. दोनों बराबर.” मग जरा थांबून, “पर तब डाकी को कितना बुरा लगेगा.” घंटा झाली आणि ती पळाली.

चार वाजता घरी येऊन शरयूनं साडीही न बदलता फोन लावला. ना दिवाळी होती ना वाढदिवस, म्हणून यशूनं पहिल्याच घंटीला उचलला. “ताई? काहून गं, काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?”

“सगळे बरे आहेत. तुझं पुस्तक वाचलं.”

पलीकडे काही तरी बंद केल्याचा आवाज आला, मिक्सर असावा. “कुठलं?” यशूनं विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, “तुला पाठवायची हिंमत नाही झाली गं. दरवेळी पाकीट करायची, अन् ठेवून द्यायची. ताई, तू रागावली?”

“झटके खोटे होते.”

“हो.” ती लहान मुलीसारखं रडू लागली, नाक ओढत. “पहिला खरा होता, खरंच चक्कर आली होती. मग तू मांडीवर घेतलं. मग मला... ताई, मला वाटलं तू गेली की झालं, मग कोणीच नाही. तुझं कॉलेज गेलं माझ्यामुळं. सगळं गेलं. अन् तुला कळलं होतं, तरी तू एक शब्द बोलली नाही. दारात उभी राहून कशी बघून राहिली होती, शांत! तेव्हाच मी ठरवलं, आता नाही. ताई, माझ्यात जे काय बरं आहे ना, ते त्या दिवसापासून आहे.”

शरयूला इथं थांबता आलं असतं. ‘हो गं, कळलं होतं मला,’ एवढंच म्हणायचं होतं. एवढंसं वाक्य, आणि बंगळुरूची ती बाई आयुष्यभर सुखी राहिली असती, नववी ‘ब’सुद्धा. तिच्या जिभेवर ते वाक्य तयारही होतं, कारण गेली तीस वर्षं ती यशूला असंच सगळं देत आली होती: मागितलेलं, न मागितलेलं, घडी घालून. आणि नेमकं त्याचीच तिला शिसारी आली.

“मला नव्हतं माहीत, यशू,” ती म्हणाली. “मला खरंच वाटलं, तू चालली. मी बघून राहिली होती अन् मनात म्हटलं, होऊन जाऊ दे.”

पलीकडे नाक ओढणं थांबलं.

“खोटं बोलून राहिली तू,” यशू अखेर म्हणाली.

“नाही.”

“म्हणजे मी खरंच आजारी असती तर?”

“तर तू मेली असती,” शरयू म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा, याचं तिलाच नवल वाटलं. “अन् मी नागपूरला गेली असती.”

“ठेवते मी,” यशू म्हणाली, अगदी सभ्यपणे, आणि फोन ठेवला.

नंतरचे दिवस शरयूला हलके गेले नाहीत. खरं बोललं की मन मोकळं होतं म्हणतात. तिचं झालं ते असं की एक जागा रिकामी झाली आणि तिथं इतकी वर्षं दाराबाहेर उभं असलेलं कुणी तरी आत आलं. तिसऱ्या दिवशी मेथी निवडताना तिला राग आला. आधी कशाचा ते कळेना, मेथीत गवत फार होतं म्हणून असेल असं वाटलं. मग तिनं स्टीलचा डबा उचलून भिंतीवर मारला. झाकण फिरत फिरत फ्रिजखाली गेलं. शैलेंद्र धावत आला, आणि ती ओट्याला टेकून ओरडत होती, “तिनं मला विचारलं असतं तर! नुसतं म्हटलं असतं, ताई नको जाऊ! मी राहिली असती ना! मला विचारायचं होतं!” तेरा वर्षांच्या मुलीवरचा राग होता तो, अठरा वर्षांच्या मुलीचा, आणि तो एका अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईच्या घशातून येत होता, म्हणून आवाज फाटत होता. शैलेंद्रला तिनं त्या संध्याकाळी सगळं सांगितलं, दारातलंही. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग वातावरण हलकं करायचं म्हणून म्हणाला, “चलो, नागपूरला गेली असती तर मला कुठून भेटली असती?” ती म्हणाली, “तुमचा विषय नाही चालू,” आणि तो समजूतदार माणूस होता, उठून फ्रिजखालचं झाकण काढायला लागला.

वर्गात ती शिकवत होती. रेघा सरळ येत होत्या. समृद्धी कधी कधी तिच्याकडे उत्सुकतेनं बघे, आणि शरयूला वाटे, हिला सांगावं की तुझा प्रश्न बरोबर होता, तिला फार वाईट वाटलंय. यशूचा फोन येत नव्हता. शरयूनंही केला नाही. आपण तिच्याकडून काय काढून घेतलं ते तिला कळत होतं. यशूनं त्या एका नजरेवर स्वतःला उभं केलं होतं, तिचा सगळा चांगुलपणा त्या पायावर होता, आणि पाया मुळात नव्हताच. मग ती इतकी वर्षं उभी कशी राहिली? या प्रश्नाशी शरयू रोज थोडा वेळ बसायची, अवघड उदाहरणाशी बसावं तशी. दारातल्या मुलीनं काही दिलं नव्हतं. जमिनीवरची मुलगी आपली आपणच उठली होती. हे उत्तर यशूला आवडेल की नाही, तिला सांगता येत नव्हतं.

अकराव्या दिवशी मेसेज आला. त्यात गाडीचा नंबर होता, डब्याचा नंबर होता, रविवारी सकाळी साडेआठ असं लिहिलं होतं. बाकी एक अक्षर नाही.

रविवारी शरयू आठलाच स्टेशनवर होती. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. ती बाकावर बसली, उठली, पाण्याच्या नळापर्यंत गेली, परत आली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ठरवलं तर परत ते घडी घातलेलं होईल अशी भीती वाटत होती. गाडी आली. डब्यातून आधी एक मोठं कुटुंब उतरलं, पिंपं, पोती, पेंगुळलेली मुलं, आणि मग यशू. तिनं केस रंगवणं सोडलं होतं. प्लॅटफॉर्मवर उतरून ती पाच-सहा पावलं चालत आली आणि शरयूला दिसलं, ती चाल आईची होती, एक खांदा किंचित खाली घेऊन चालायची. हे इतक्या वर्षांत तिला दिसलं नव्हतं. तिनं धाकटीकडे असं बघितलंच नव्हतं, बघितलं की नजर खाली घ्यावी लागायची.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. हमालानं बॅगेला हात घातला, यशूनं तो झटकला.

“मी रागावून आली आहे, ताई,” ती म्हणाली. डोळे सुजलेले होते. “आधीच सांगते. मिठीबिठी काही नको.”

“मी पण,” शरयू म्हणाली.

“तू काहून? तू काहून रागावली? मी मरून राहिली होती!”

“मरून नव्हती राहिली! नाटक करून राहिली होती! सात महिने!”

“तुला कुठं माहीत होतं नाटक आहे ते?”

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. शरयूनं बॅगेचा एक बंद धरला, यशूनं दुसरा सोडला नाही, आणि तशाच त्या जिन्यानं वर गेल्या, पुलावरून, पलीकडे उतरल्या, दर चार पायऱ्यांना थांबत, कारण चालताना नीट भांडता येत नव्हतं. मला विचारायचं होतं, असं शरयू म्हणाली. कुणाला विचारायचं, तू आई झाली होती, आईला कोणी विचारतं का, असं यशू म्हणाली. मला नव्हतं व्हायचं आई, असं शरयू म्हणाली, आणि तिला रडू फुटलं, पण तिनं बोलणं थांबवलं नाही. आई गेल्यापासून त्या पहिल्यांदा एकमेकींवर ओरडत होत्या. स्टेशनबाहेर ऊन चढलं होतं. पहिल्याच रिक्षात बॅग कोंबून दोघी बसल्या. रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, “कहाँ चलना है, दीदी?” कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. दोघी एकदमच बोलत होत्या, एकीचं दुसरीला ऐकू येत नव्हतं, आणि तो बिचारा इंजिन बंद करून, त्यांचं आटपायची वाट बघत बसला.